घड्याळ परत करणारा चोर

एका घड्याळाची हकिगत आधी सांगतो. झेनिथ कंपनीचे, चांदीचे, गजराची सोय असलेले खिशातील घड्याळ. इंदिरा गांधींनी ते महात्मा गांधींना भेट दिले होते. पंचाला दोरीने अडकवलेले हे घड्याळ त्यांच्या प्रार्थनेची, सूतकताईची, भेटीगाठींची वेळ पाळत असे. १९४७ साली रेल्वेच्या प्रवासात ते चोरीस गेले. काही महिन्यांनी चोर स्वतःच दिल्लीत हजर झाला, घड्याळ परत केले आणि क्षमा मागितली. पुढे गांधीजींनी ते आपली नातसून आभा यांना दिले. तेथून हातोहात प्रवास करीत ते समुद्रापार गेले आणि ५ मार्च २००९ रोजी न्यूयॉर्कच्या अँटिकोरम या लिलावगृहात बोलीवर चढले. सोबत चष्मा, चपला, एक थाळी आणि एक वाटी होती. सगळ्यांची मिळून अंदाजे किंमत २० ते ३० हजार डॉलर ठरवली होती. प्रत्यक्षात हातोडा पडला तो १८ लाख डॉलरला. घेणारे विजय मल्ल्या.

हे घड्याळ ज्यांच्या ज्यांच्या हातातून गेले त्यांतील तीन माणसांकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. पहिला चोर. त्याने कोणतीही अट न घालता, कोणतीही किंमत न मागता घड्याळ परत केले. दुसरे जेम्स ओटिस, या वस्तू विक्रीस काढणारे अमेरिकन संग्राहक. त्यांनी अट घातली. तिसरे मल्ल्या. त्यांनी किंमत मोजली. आपल्या वृत्तपत्रांनी, राजकारण्यांनी आणि आपण सुशिक्षितांनी जयजयकार केला तो तिसऱ्याचा. ‘बापूंचा ठेवा मायदेशी’ या थाटाचे जे कढ तेव्हा आले, ते नंतरही प्रत्येक लिलावाच्या वेळी येत राहिले आहेत. माझे म्हणणे असे की या तिघांत गांधीजींच्या व्यवहाराला सर्वांत जवळचा होता तो चोर, आणि सर्वांत दूरचा होता तो आपला जयजयकार. हे विधान चमकदार वाटावे म्हणून केलेले नाही. त्याची कारणे देतो.

प्रथम ओटिस यांची अट. भारत सरकारने आपल्या खर्चाचा अग्रक्रम लष्कराकडून गरिबांच्या आरोग्याकडे वळवावा, आरोग्यावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १ टक्क्यावरून ५ टक्क्यांवर न्यावा, म्हणजे लिलाव मागे घेतो, असे त्यांनी कळवले होते. सरकारने ते नाकारले. गांधीजींनी स्वतः अशा अटी मान्य केल्या नसत्या, असे तेव्हाचे परराष्ट्र राज्यमंत्री आनंद शर्मा म्हणाले. सार्वभौम राष्ट्राने आपला अर्थसंकल्प एका परदेशी संग्राहकाच्या सांगण्यावरून ठरवावा काय, हा प्रश्न रास्त आहे. ओटिस यांना संत ठरवण्याचेही कारण नाही. वस्तू बाजारात मांडल्यावर सुचलेली ती नैतिकता होती. ऐनवेळी त्यांनी माघार घेण्याचा प्रयत्न केला, तो लिलावगृहाने मानला नाही. तरीही एक गोष्ट उरतेच. त्या आठवड्यात गांधींच्या वस्तूंची किंमत दोन चलनांत सांगितली गेली होती. एक चलन डॉलरचे होते, दुसरे दवाखान्यांचे. दुसऱ्या चलनावर देशात गंभीर चर्चासुद्धा झाली नाही. पहिले चलन कोण मोजतो एवढीच उत्सुकता होती.

मल्ल्यांच्या मद्यव्यवसायावरून तेव्हा भरपूर विनोद झाले. ते मी करणार नाही. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे आणि ती कशी पाळली जाते हे वर्धेकरांना सांगायला नको. काचेच्या घरात राहणाऱ्यांनी जपून बोलावे. प्रश्न खरेदीदाराच्या धंद्याचा नाही, खरेदीच्या कल्पनेचा आहे.

या कल्पनेला विरोध करणारे बहुतेक लोक मात्र चुकीच्या बाजूने विरोध करतात. ‘गांधीजींच्या वस्तूंचा लिलाव! केवढे हे अधःपतन!’ असा त्यांचा सूर असतो. या सुरात भाविकता भरपूर आहे, माहिती कमी आहे. गांधीजींना लिलावाचे वावडे नव्हते. उलट आपल्याला मिळालेल्या वस्तूंचा भर सभेत लिलाव पुकारणारा त्यांच्यासारखा दुसरा राष्ट्रनेता सापडणे कठीण.

याचा सर्वांत मोठा दाखला वर्ध्याशीच जोडलेला आहे. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी वर्ध्याहून त्यांची हरिजन यात्रा सुरू झाली. सुमारे नऊ महिने, साडेबारा हजार मैल, आणि हरिजन निधीसाठी सुमारे ८ लाख रुपये, असा तिचा हिशेब सांगितला जातो. गावोगावी मानपत्रे दिली जात, ती चांदीच्या करंडकांतून किंवा नक्षीदार चौकटींतून येत. सभा संपण्याआधीच मानपत्र, करंडक, चौकट, मिळेल ते गांधीजी बोलीवर चढवत. स्त्रियांच्या हातांतील बांगड्या मागून घेत. स्वाक्षरी हवी असेल त्याने निधीला पाच रुपये द्यावेत, असा त्यांचा दर होता. ‘लिलाव’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. विदर्भात आजही घाटांचा आणि दुकानगाळ्यांचा ‘हर्रास’ होतो. दोन्ही शब्दांना मराठीत थोडा काळा वास आहे. कर्ज बुडाले, जप्ती आली, घरावर हर्रास लागला, असेच आपण ऐकतो. या बदनाम व्यवहाराला गांधीजींनी हाताशी धरले आणि उजळ माथ्याने सार्वजनिक केले.

त्याहून जुना दाखला १९०१ चा आहे. दक्षिण आफ्रिकेतून निघताना तिथल्या भारतीयांनी सोन्याच्या साखळ्या, सोन्याची घड्याळे, हिऱ्याच्या अंगठ्या अशा भेटी दिल्या. रात्रभर अस्वस्थ राहून त्यांनी ते सारे विश्वस्तांच्या स्वाधीन करण्याचे ठरवले. कस्तुरबांनी कडक विरोध केला. सुनांसाठी दागिने लागतील हा त्यांचा युक्तिवाद आत्मकथेत गांधीजींनी प्रामाणिकपणे नोंदवला आहे. अखेर भेटी बँकेत गेल्या आणि लोककार्यासाठी राखल्या गेल्या. या प्रसंगात सोन्याच्या घड्याळांचा उल्लेख येतो, हे विसरू नये. गांधीजींना घड्याळ हवे होते, सोन्याचे घड्याळ नको होते. वस्तूचे काम आणि वस्तूचा तोरा यांतील सीमारेषा त्यांच्यापुरती तिथे ठरली.

म्हणजे मुद्दा लिलाव करावा की करू नये हा नाहीच. मुद्दा दोन साध्या प्रश्नांचा आहे. वस्तू विकली गेल्यावर पैसा कुणाकडे गेला? आणि वस्तू पुढे कुणाच्या काय कामी आली? हरिजन यात्रेतील करंडकाला या दोन्ही प्रश्नांची उत्तरे देता येतात. पैसा अस्पृश्यतानिवारणाच्या कामाला गेला, आणि करंडक कुणा व्यापाऱ्याच्या घरी सुपारीचा डबा झाला असेल तरी त्यात कमीपणा नव्हता. न्यूयॉर्कमधील घड्याळाला दोन्ही प्रश्नांपुढे मान खाली घालावी लागते. पैसा विक्रेत्याकडे आणि लिलावगृहाच्या दलालीत गेला. आणि घड्याळ? ज्याचा गजर एका माणसाला पहाटेच्या प्रार्थनेसाठी उठवत होता, ते ‘मालकी’ या एकाच कामासाठी उरले.

आपण साहित्याचे विद्यार्थी आणि शिक्षक आहोत. लिलावगृहाची यादी आपण निराळ्या नजरेने वाचायला हवी. या याद्या म्हणजे एक कथनप्रकारच आहे. चपलांची नोंद सांगते की १९३१ साली गोलमेज परिषदेला जाताना एडनला गांधीजींनी त्या एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला दिल्या. चष्म्याची नोंद सांगते की तो एका कर्नलला दिला. घड्याळासोबत आभा गांधींचे प्रमाणपत्र. चामड्याच्या दोन तुकड्यांना बाजारात भाव नसतो. भाव असतो त्यांच्याविषयीच्या गोष्टीला, आणि ती गोष्ट खरी असल्याच्या कागदाला. पण या सगळ्या गोष्टींत एक क्रियापद सारखे येते, त्याकडे खरेदीदाराचे लक्ष जात नाही. ते क्रियापद म्हणजे ‘दिले’. यांतील एकही वस्तू कुणी लुटून नेलेली नव्हती. गांधीजींनी त्या स्वतःच्या हाताने देऊन टाकल्या होत्या. कोहिनूर परत मागताना जो युक्तिवाद चालतो, तो या चपलांना लावता येत नाही. जे देऊन टाकले ते ‘आमचे’ म्हणून परत मागणे हा त्या देण्याचाच अवमान आहे.

देण्याची आठवण पुसली गेली की काय काय विकता येते, याला सीमा राहत नाही. २०१२ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमध्ये मलॉक्स या लिलावगृहाने गांधीहत्येच्या जागेवरची म्हणून सांगितलेली चिमूटभर माती आणि गवताची पाती विकली. बोली १० हजार पौंडांवर गेली. २०२० च्या ऑगस्टमध्ये ब्रिस्टलमध्ये एक सोनेरी काड्यांचा चष्मा २ लाख ६० हजार पौंडांना गेला. तो लिलावगृहाच्या टपालपेटीत साध्या पाकिटात आणून टाकलेला होता, आणि अंदाज १५ हजारांचा होता. चष्म्याच्या भिंगांतून पाहायचे असते. इथे सारे जण भिंगांकडे पाहत होते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. मग परदेशी विकले जाणारे काहीच घ्यायचे नाही काय? इतिहासाची साधने धनिकांच्या तिजोऱ्यांत जाऊ द्यायची? नाही. २०१२ साली हर्मन कालेनबाख यांच्याकडील गांधीविषयक कागदपत्रांचा लंडनच्या सदबीजमध्ये होणारा लिलाव भारत सरकारने आधीच सौदा करून टाळला आणि सुमारे ७ लाख पौंडांना तो संग्रह घेतला. ती कागदपत्रे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आली. हा खर्च मी योग्य मानतो, कारण पत्र वाचता येते. एका अभ्यासकाने वाचले म्हणून ते संपत नाही. दुसरा वाचतो, पहिल्याचे खोडून काढतो. पत्राचे काम चालू राहते. वरचा दुसरा प्रश्न त्याला विचारा, उत्तर मिळते. चपलेचे वाचन होत नाही. तिचे फक्त दर्शन होते, आणि दर्शनासाठी १८ लाख डॉलर ही दक्षिणा फार आहे.

आता चरख्याकडे येऊ, कारण वर्ध्यात बसून या विषयावर लिहिताना चरखा टाळता येत नाही. येरवड्याच्या तुरुंगातील एक घडीचा चरखा गांधीजींनी एका अमेरिकन मिशनऱ्याला भेट दिला होता. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी तो इंग्लंडमध्ये १ लाख १० हजार पौंडांना विकला गेला. या आकड्याशेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने उत्तम चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटींपैकी एक अशी होती की यंत्राची किंमत १५० रुपयांहून अधिक असू नये. चरखा स्वस्त असावा, खेड्यात दुरुस्त व्हावा, कुणाही कारागिराला तसाच दुसरा करता यावा, हाच त्याचा सारा अर्थ होता. एकमेव असणे हा पुरावस्तूचा गुण. असंख्य असणे हा चरख्याचा. जो चरखा एकमेव म्हणून लाखो पौंडांना जातो, तो चरखा म्हणून हरलेला असतो.

वर्ध्याच्या मगन संग्रहालयाकडे पाहिले म्हणजे हा फरक डोळ्यांना दिसतो. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते ते उघडले. मगनवाडीत तेव्हा जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम चालत असे. या संग्रहालयात दुर्मीळ म्हणून काही ठेवायचे नव्हते. घाणी, चरखे, हातकागद, कुंभारकाम ही खेड्याच्या रोजच्या कामाची साधने तिथे मांडायची, ती लोकांनी पाहायची आणि घरी जाऊन तशीच किंवा त्याहून चांगली करायची, असा हेतू होता. पाहून झाल्यावर हात शिवशिवले पाहिजेत असे हे संग्रहालय! सेवाग्रामच्या बापूकुटीतील चटई, लिहिण्याचे बैठे मेज, मीराबेननी भिंतीच्या मातीत उठवलेली झाडे यांचेही तेच. त्यांतील कोणतीही वस्तू बाजारात अंदाजपत्रकाला उभी राहणार नाही, आणि तिथे येणारा माणूस गप्प होतो तो वस्तूंच्या दुर्मीळपणामुळे नव्हे, त्यांच्या कमीपणामुळे. इतक्या थोड्या सामानात एवढे काम झाले, हे त्याला कुटीत उभे राहिल्यावर कळते.

संग्राहक म्हणजे वाईटच, असा माझा दावा नाही. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर केळकर हे आपल्याच कुळातले. त्यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, दौती, कुलपे, दरवाजे, वाद्ये गोळा केली. अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव संग्रहाला दिले आणि १९७५ साली हजारो वस्तूंचा तो पसारा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पुण्याच्या त्या संग्रहालयात अडकित्त्यांची मांडणी पाहताना लोहाराची कल्पकता, सुपारीची सवय, घरातील बैठकीची रीत हे सारे उलगडत जाते. संग्रह असा दिला गेला की त्याचे घड्याळ पुन्हा चालू लागते.

आता स्वतःच्या अंगणाकडे. न्यूयॉर्कमधील चष्म्यासाठी देश हळहळला त्यानंतर दोनच वर्षांनी, २०११ च्या जूनमध्ये, सेवाग्राम आश्रमातील गांधीजींचा चष्मा नाहीसा झाल्याचे उघड झाले. तो आदल्या वर्षाअखेरीपासूनच जागेवर नव्हता. आश्रमाच्या मूठभर कार्यकर्त्यांकडे बोट दाखवण्यासाठी मी हे सांगत नाही. सांगायचे ते एवढेच की परदेशातील चष्म्याला आपण किंमत दिली आणि इथल्या चष्म्याला फक्त नमस्कार केला. नमस्कार करणारा राखण करत नाही.

त्याआधीचे २००६ हे सालही आठवावे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, तिच्यात वर्धा होता. त्या काळात आमच्याकडच्या किती घरांतून आजीच्या वेळची पितळी परात, तांब्याचा घंगाळ, सागवानी पेटी बाहेर पडली याची मोजदाद कुणी केली नाही. ही भांडी ‘मोडीत’ जातात, म्हणजे वजनावर. तेच घंगाळ महानगरातल्या दुकानात पोचले की त्याला चिंच लावत नाहीत, काळपटपणा मुद्दाम राखतात, आणि ते ‘अँटिक’ होते. दोन भावांमधली तफावत हा या धंद्याचा नफा. ती तफावत गरजेने विकणारा आणि हौसेने घेणारा यांच्यातील अंतराएवढी असते. कायदा त्यात पडत नाही. पुरावस्तू आणि कलावस्तूंसंबंधीचा १९७२ चा केंद्रीय कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंची निर्यात रोखतो. घरातील अडचणीची विक्री तो कशी रोखणार?

आणि आपण शिक्षक? चंदीगडच्या शासकीय कचेऱ्यांसाठी आणि महाविद्यालयांसाठी पिएर जानरे यांनी घडवलेल्या सागवानी खुर्च्या भंगार म्हणून विकल्या गेल्या आणि युरोप-अमेरिकेतील लिलावांत लाखोंना गाजल्या, तेव्हा आपण सरकारी बाबूंच्या अडाणीपणावर हसलो. २०११ च्या फेब्रुवारीत केंद्रीय गृहमंत्रालयाला अशा विक्रीविरुद्ध आदेश काढावा लागला. हसण्याचा अधिकार मला नाही. एका महाविद्यालयाच्या निर्लेखन समितीच्या कागदावर माझीही सही आहे. मूल्यांकन समिती यायची होती, ग्रंथालय ‘अद्ययावत’ दिसायला हवे होते. सागवानी खणांचे तालिकेचे कपाट बाहेर काढले गेले. भंगारवाल्याने कपाट टेम्पोत चढवण्याआधी एकेक खण उपडा केला आणि कार्डे व्हरांड्यात ओतली. कार्डांवर एका दिवंगत ग्रंथपालांचे टपोरे अक्षर होते. कुठे ग्रंथाची शिफारस, कुठे ‘पान ४० नंतरची पाने गहाळ’ अशी सूचना. आम्ही उभे होतो आणि चहा पीत होतो. कार्डे रद्दीत गेली. पितळी मुठींचे कपाट आज कुठल्यातरी उपाहारगृहात शोभेला उभे असेल, आणि कुणी त्याच्याशेजारी छायाचित्र काढून घेत असेल. बाजाराने आमच्याकडून हिसकावून काहीच नेले नाही. कपाटाचे काम आम्ही आधीच थांबवले होते. बाजाराने फक्त उरलेले लाकूड उचलले.

म्हणून लिलावगृहावर रागावण्याआधी आपल्याला स्वतःला विचारायला हवे. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना, ‘नई तालीम’, देशापुढे मांडली गेली. तिच्याविषयी आपण परीक्षेत टीपा लिहून घेतो. आपल्यापैकी कितीजणांना टकळी फिरवता येते? मला येत नाही. ज्या विचाराचा वापर आपण थांबवला आहे, त्याच्या चपला परत आणण्याची घाई आपल्याला का होते, याचे उत्तर या नाहीत दडले आहे. वस्तू आणणे सोपे असते. तिचे काम पुन्हा सुरू करणे अवघड.

३० जानेवारी १९४८ रोजी सरदार पटेलांशी बोलणे लांबल्यामुळे गांधीजींना प्रार्थनेला सुमारे दहा मिनिटे उशीर झाला. त्या उशिराने ते अस्वस्थ झाले होते. घड्याळाचा उपयोग त्यांना एवढाच होता: दिलेली वेळ पाळली की नाही, ते कळावे. न्यूयॉर्कला गेलेल्या घड्याळाचे काय झाले याची चौकशी ज्यांना करायची असेल त्यांनी करावी. माझ्या मनात तो १९४७ चा चोर आहे. दिल्लीची वाट चालताना त्याच्याही खिशात ते घड्याळ टिकटिकत असेल. ते आपल्याला काय सांगते आहे हे ऐकू आलेला, आणि ऐकू आल्यावर तसे वागलेला, तेवढा एकच माणूस या साऱ्या व्यवहारात मला दिसतो.